शेकमधलं मंचर

जिम लावली, की पहिला प्रश्न ठरलेला : पावडर कुठली घेऊ? मी म्हणते, आधी मंचर आठवा. शिवनेरीसाठी जुन्नरला जाताना वाटेत लागतं ते, आंबेगाव तालुक्यातलं. तिथं पराग मिल्क फूड्स गाईच्या दुधाचं चीज बनवते. चीज करताना उरणारं पाणी म्हणजे व्हे. ते गाळून, सुकवून होते प्रोटीन पावडर. ‘अवतार’ हा त्यांचाच ब्रँड. म्हणजे शेक हे जादूचं औषध नाही, दुधाचाच अंश आहे!

आता हिशेब. आयसीएमआरनुसार निरोगी माणसाला वजनाच्या किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रोटीन लागतं. ६० किलोला साधारण ५०. वरण, उसळ, दही, अंडी यांतून किती मिळतं ते मोजा. कमी पडेल तेवढ्यापुरताच स्कूप. डब्यावर प्रोटीन आणि साखरेचे आकडे वाचा. किडनीचा त्रास असेल, तर आधी डॉक्टर. जेवणाला सुट्टी मात्र नको!