लाल चौकटीचं रजिस्टर

संध्याकाळी ओपीडी सुटल्या की साताऱ्याच्या एसटी स्टँडजवळच्या या मेडिकलसमोर गर्दी होते. मी काउंटरच्या आतल्या बाजूला, फ्रिजशेजारच्या स्टुलावर बसलो आहे. मालकीणबाई स्वतः नोंदणीकृत फार्मसिस्ट आहेत. अंगावर पांढरा कोट, त्यावर नाव आणि नोंदणी क्रमांकाचा बिल्ला. गिऱ्हाईक त्यांना मॅडम म्हणतं. चिठ्ठी हातात आली की मॅडम आधी औषधांकडे बघत नाहीत. तारीख, पेशंटचं नाव, डॉक्टरांची सही, त्यांचा नोंदणी क्रमांक, हे सगळं आधी. औषधं त्यानंतर.

“दादा, ही चिठ्ठी मागच्या महिन्यातली आहे.”

“हो, पण तोच खोकला परत आलाय.”

“तोच आहे का, ते डॉक्टरांना ठरवू दे. त्यांनी पाच दिवसांचं लिहिलं होतं, ते तुम्ही नेलंत. हा बघा शिक्का.”

शिक्का डॉक्टरांच्या सहीच्या वर आहे. दुकानाचं नाव, पत्ता आणि औषध दिल्याची तारीख. तो नेमका तिथेच मारायचा हे 1945 च्या औषध नियमांतल्या 65 व्या नियमात लिहिलेलं आहे. डॉक्टरांनी तसं लिहून दिलं नसेल, तर एका चिठ्ठीवर एकदाच औषध द्यायचं, हेही त्याच नियमात. दादा रागावून गेले. दोन दुकानं सोडून पुढे त्यांना ते औषध मिळेलही. मॅडमना ते माहीत आहे, तरी त्यांनी पुढची चिठ्ठी उचलली.

औषधविक्रीवर दोन कायद्यांचा अंमल आहे. 1940 चा कायदा औषधाकडे आणि दुकानाकडे बघतो: परवाना, साठवण, बिलं. 1948 चा फार्मसी कायदा माणसाकडे बघतो. त्याच्या 42 व्या कलमानुसार डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मसिस्टनेच द्यायचं असतं. दुकानात दहा चौरस मीटर जागा हवी, फ्रिज हवा, परवाना भिंतीवर दिसेल असा लावलेला हवा, हे सगळं मोजता येतं. काउंटरमागच्या माणसाचं लक्ष मोजता येत नाही, आणि सगळा कायदा त्याच्यावरच तर उभा आहे.

गल्ल्याशेजारी लाल मार्करने ‘एच-वन’ लिहिलेलं जाड रजिस्टर आहे. शेड्यूल एच-वन मार्च 2014 पासून लागू झालं. त्यात सुरुवातीला 46 औषधं होती: सेफिक्झिम, लिव्होफ्लॉक्सासिनसारखी प्रतिजैविकं, क्षयरोगावरची औषधं, आणि अल्प्राझोलाम, ट्रॅमाडॉलसारखी सवय लावणारी. यांच्या पाकिटावर लाल रंगात आरएक्स आणि लाल चौकटीत सूचना असते. प्रत्येक विक्रीला डॉक्टरांचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध आणि किती दिलं याची नोंद करायची आणि रजिस्टर तीन वर्षं जपायचं. मॅडमचं अक्षर बारीक, उजवीकडे झुकलेलं. गर्दी कितीही असली तरी त्या नोंद रात्रीवर ढकलत नाहीत. मी कारण विचारलं. “रात्री लिहिलं की आठवून लिहिलं जातं. आठवून लिहिलेल्याला नोंद म्हणत नाहीत.”

पानं उलटली की दिसतं, हे रजिस्टर नुसतं इन्स्पेक्टरला दाखवायला ठेवलेलं नाही. एकाच आठवड्यात दोन वेगळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांवर अल्प्राझोलाम नेणारं एक नाव मॅडमना असंच सापडलं. त्यांनी दुसऱ्या डॉक्टरांना फोन केला, तिसऱ्या चिठ्ठीवर औषध दिलं नाही आणि त्या माणसाच्या मुलाला बोलावून घेतलं. क्षयरोगाच्या नोंदींना तर आणखी एक वाट आहे. 2018 पासून क्षयरोगाचं औषध विकलं की पेशंटची माहिती सरकारी क्षयरोग यंत्रणेला कळवणं दुकानदारावर बंधनकारक आहे. अर्धवट सोडलेल्या उपचाराचा माग काढायचा तर सुरुवात इथून करता येते.

एक नियम मात्र मला खटकतो. डॉक्टरांनी एका कंपनीचं नाव लिहिलं असेल, तर तेच औषध, त्याच ताकदीचं, दुसऱ्या कंपनीचं आणि स्वस्त असलं तरी दुकानदाराला स्वतःच्या मनाने बदलता येत नाही. डॉक्टरांनी औषधाचं मूळ नाव, वाचता येईल असं, शक्यतो ठळक मोठ्या अक्षरांत लिहावं, असं त्यांच्या परिषदेने 2016 मध्ये सांगितलं. पण त्या संध्याकाळी मी पाहिलेल्या चिठ्ठ्यांमध्ये मूळ नाव क्वचितच दिसलं. मग मॅडम फोन लावतात: “सर, हा ब्रँड संपलाय, हा दिला तर चालेल?” सरांचा होकार येईपर्यंत खेड्यातून आलेली आजी बाकावर बसून राहते आणि तिची शेवटची एसटी निघायची वेळ होत येते.

पट्टी कापतानाही एक शिस्त आहे. बॅच नंबर आणि एक्सपायरी छापलेली कड दुकानात राहते, गोळ्या दुसऱ्या टोकाकडून कापायच्या. बिलावर बॅच नंबर उमटतोच. हा नंबर कशाला, असं वाटणाऱ्याने 1986 आठवावं. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डायइथिलिन ग्लायकॉल मिसळलेल्या ग्लिसरीनमुळे 14 रुग्ण दगावले होते. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली. तेच विष ऑक्टोबर 2025 मध्ये कोल्ड्रिफ या खोकल्याच्या औषधात सापडलं. ते प्यालेली छिंदवाड्याची मुलं उपचारांसाठी नागपूरला आणली जात होती, त्यातली काही वाचली नाहीत. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने एसआर-13 या बॅचची विक्री थांबवायला सांगितली. बॅच लिहिलेली नसेल, तर असा आदेश आल्यावर बाटली कुणाच्या घरी गेली ते शोधायचं कसं?

साडेआठच्या सुमारास एक काका आले. सांधेदुखीसाठी मेथोट्रेक्सेट. मॅडमनी पाकीट हातात दिलं नाही, काउंटरवर ठेवून त्यावर बोट ठेवलं.

“काका, ही गोळी कधी घ्यायची?”

“रोज सकाळी.”

“नाही. आठवड्यातून एकदाच. तुमच्या चिठ्ठीवर सोमवार लिहिलंय. रोज घेतली तर जिवावर बेतेल. आता तुम्ही मला सांगा, कधी?”

“सोमवारी.”

“आणि मंगळवारी?”

“नाही घ्यायची.”

मग त्यांनी पाकिटावर मराठीत ‘फक्त सोमवार’ लिहिलं, खाली दोन रेघा ओढल्या आणि काकांच्या सुनेला फोन करून तिच्याकडूनही तेच वदवून घेतलं. मागे गिऱ्हाईक कुरकुरत होतं. या तीन मिनिटांचे मॅडमना वेगळे पैसे मिळत नाहीत, आणि माझ्या मते त्या संध्याकाळचं सगळ्यांत मोलाचं काम तेच होतं.

म्हणूनच भाड्याने दिलेल्या सर्टिफिकेटची गोष्ट ऐकली की संताप येतो. भिंतीवर फार्मसिस्टची नोंदणी टांगलेली, तो माणूस दुसऱ्याच गावात नोकरीला, महिन्याला ठरलेली रक्कम त्याच्या खात्यात आणि काउंटरवर बारावी झालेला पोरगा. महेश झगडे औषध प्रशासनाचे आयुक्त असताना राज्यात या प्रकाराविरुद्ध मोठी मोहीम निघाली, विक्रेत्यांच्या संघटनांनी कडाडून विरोध केला. फार्मसिस्ट मिळत नाहीत, पगार परवडत नाही, ही त्यांची अडचण खोटी नव्हती. पण मेथोट्रेक्सेटचं पाकीट त्या पोराच्या हातून गेलं असतं, तर ‘रोज सकाळी’ हे उत्तर त्याच्या कानावरच आलं नसतं, कारण त्याने प्रश्नच विचारला नसता. पाकिटावरचं नाव त्याने बरोबर वाचलं असतं, पैसेही बरोबर घेतले असते.

नऊ वाजता मॅडम ‘विक्रीसाठी नाही’ असं लिहिलेला खोका खाली काढतात. मुदत संपलेला माल त्यात वेगळा ठेवायचा असतो, उद्या स्टॉकिस्टचा माणूस तो न्यायला येणार. यादी करता करता त्या मला मधेच विचारतात, “तुमच्या घराजवळच्या मेडिकलमध्ये फार्मसिस्ट कोण आहे?” मला सांगता येत नाही. “उद्या विचारा,” त्या म्हणतात, “नाव विचारायचा हक्क आहे तुम्हाला,” आणि एका सिरपची तारीख उजेडात धरून बघू लागतात.