बांधीतून महारोहिणीत

पोरांनो, रोवणीचे दिवस आहेत, दिघोरीच्या बांध्यांत पोटरीभर चिखल आहे. तेव्हा गोष्टही चिखलातलीच ऐका.

चिमूटभर मातीत कोट्यवधी जिवाणू नांदतात. बहुतेक बिचारे पालापाचोळा कुजवून आपलंच धान पोसतात. त्यांच्यातच एक खट्याळ: बर्खोल्डेरिया स्यूडोमॅलिआय. राहू द्या, तुमच्या मास्तरांनाही एका दमात म्हणता यायचं नाही! १९११च्या सुमारास रंगूनमध्ये व्हिटमोर आणि कृष्णस्वामी या डॉक्टरांनी तो माणसाच्या शरीरात ओळखला. थायलंडच्या भातखाचरांत तो चांगलाच मुरलाय. आपल्याकडे कर्नाटक-केरळच्या किनाऱ्याकडून रुग्णांच्या नोंदी येतात. आपल्या बांधीत तो आहे, असं मी म्हणत नाही हं.

आता उताणे झोपा. बेंबीच्या जरा वर बोटं दाबा. लागतंय ना धडधड? ती महारोहिणी, रक्ताची मोठी नळी. कण्याला टेकून खाली उतरते आणि बेंबीच्या आसपास दोन पायांसाठी दुभंगते. मोठ्या माणसात ती साधारण २ सेंटिमीटर रुंद असते. म्हातारपण, बिडी, रक्तदाब यांनी तिची भिंत आतून खरबरीत होते, कधी सायकलच्या जुन्या ट्यूबसारखी एका जागी फुगते. ३ सेंटिमीटरच्या पुढे गेली, की डॉक्टर तिला फुगवटा म्हणतात.

पायाच्या भेगेतून आपला चिखलातला गडी रक्तात शिरला, तर गुळगुळीत भिंतीवर त्याला सहसा थारा मिळत नाही. खरबरीत जागा सापडली, की तिथेच ठाण मांडतो आणि भिंत कुरतडतो. कधी धड भिंतसुद्धा त्याच्यामुळे फुगते. दूषित अन्नातून येणारा साल्मोनेला हेच करतो, आणि जास्त वेळा. मग ताप, पाठ-पोट दुखणं. फुगवटा फुटला, तर जीव वाचवायला फार थोडा वेळ उरतो.

"मग आबाजी, कळतं कसं?"

सीटी स्कॅनमध्ये फुगवटा दिसतो, आतला चोर मात्र रक्तातले जंतू बशीत वाढवून पाहिल्यावर सापडतो. हा गडी तिथेही फसवतो: बाहेरून पडलेला साधा जंतू समजून कोणी बशी फेकून देऊ शकतो. सापडला, तर आधी शिरेतून औषधं, नासलेला भाग काढून नवी नळी, आणि पुढे कित्येक महिने गोळ्या. साध्या पेनिसिलिनला तो जुमानत नाही.

रोवणीला जा खुशाल. फक्त पायाला जखम असेल तर गमबूट घाला, आणि साखरेचा आजार असलेल्या तुमच्या मोठ्या आईला चिखलात उतरू देऊ नका. मधुमेह्यांवर त्याचा डोळा जास्त असतो.