न घडलेल्या मरुताची प्रतिकृती

विमानांच्या छोट्या प्रतिकृती करण्याचा छंद आता पुष्कळांच्या परिचयाचा झाला आहे. पेटीतून आलेले तयार भाग चिकटवावेत, रंग द्यावा आणि कपाटावर मांडून ठेवावे, एवढाच त्याचा सर्वसाधारण व्याप. परंतु जे लढाऊ विमान कागदावरून कधी खाली उतरलेच नाही, त्याची मुळापासून, आणि तीही पुरुषभर लांबीची, प्रतिकृती हाताने घडवायची म्हटले की काम अगदी निराळ्या जातीचे होते. येथे नक्कल करावयास मूळच नसते.

आपल्याकडे असे एक न घडलेले विमान आहे. ‘मरुत’ हे भारतात आकाराला आलेले पहिले जेट लढाऊ विमान. जर्मनीत फोक-वुल्फ 190 रचणारे कुर्ट टांक 1956 साली बंगळुरास हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या कारखान्यात आले. गटिंगेन येथे प्रांटल यांच्या हाताखाली शिकलेले डॉ. विष्णु माधव घाटगे तेथे आधीपासूनच होते आणि त्यांचे एचटी-2 हे शिकाऊ विमान 1951 सालीच उडाले होते. टांक यांच्या मनातला मरुत ध्वनीच्या दुप्पट वेगाने जाणारा होता. त्यासाठी ऑर्फियस 12 हे इंजिन गृहीत धरलेले होते. मागे पुन्हा इंधन जाळून त्याचा रेटा आठ हजार पौंडांच्या वर जायचा. पण या इंजिनाच्या विकासाचा खर्च ब्रिटनमध्ये कोणी उचलला नाही, दिल्लीनेही उचलला नाही. अखेर 4,850 पौंड रेट्याची ऑर्फियस 703 ही इंजिने बसवून मरुत जून 1961 मध्ये उडाला. पुढे 1971 च्या युद्धात राजस्थानच्या आघाडीवर त्याने चांगली कामगिरी केली; वेग मात्र ध्वनीच्या उंबरठ्याशीच अडला. टांक यांनी योजिलेला मरुत न घडलेलाच राहिला.

अशा विमानाची प्रतिकृती करणे हा पोरखेळ आहे असे कोणी समजू नये. खुद्द बंगळुरात धातूचे विमान तयार होण्यापूर्वी त्याची पूर्णाकृती लाकडी प्रतिकृती केलेली होती. तिला इंजिन नव्हते, माणसे बसण्याची जागा मात्र होती, आणि 1959 साली डाकोटा विमानाने ओढून तिला वर नेऊन सोडण्यात आले. पंखांची ठेवण विमानाला पेलते की नाही, हे त्या लाकडाने आधी सांगितले.

आता हेच काम आमलीसारख्या गावी कोणी हाती घेतले तर? ज्या वर्षी मरुत प्रथम उडाला त्याच 1961 सालच्या ऑगस्टात दादरा आणि नगरहवेलीचा मुलूख भारतात विलीन झाला. निदान तिथीने तरी हे नाते जुळते. मरुताची लांबी 15.87 मीटर आणि पंखविस्तार 9 मीटर. एकअष्टमांश प्रमाण धरले तर प्रतिकृती सुमारे 1.98 मीटर लांब आणि सुमारे अडीच हात, म्हणजे 1.12 मीटर रुंद होईल. पुस्तकांत सहसा मिळणारे आराखडे एकबहात्तरांश प्रमाणाचे असतात. ते नऊपट वाढवावे लागतात. म्हणजे अर्ध्या मिलिमीटर जाडीची रेघ साडेचार मिलिमीटर होते. तिची आतली कड खरी की बाहेरची? पहिला घोटाळा येथेच होतो. म्हणून आराखडा वाढवून न घेता त्यावरील मापे अंकांत काढून नव्याने रेखाटणे बरे.

जे भाग घडलेल्या आणि न घडलेल्या मरुतात समान असते, त्यांचा पुरावा मात्र हाताशी आहे. मुंबईच्या नेहरू विज्ञान केंद्रात आणि पुण्याच्या कमला नेहरू उद्यानात मरुत उभे आहेत, आणि आमलीकराला वापीस गाडी धरली की मुंबई काही फार दूर नाही. चाकांचा व्यास, हवा घेणारी तोंडे, पंखाचा तिरकेपणा हे तेथे डोळ्यांनी पडताळता येते. छायाचित्र दुरून घ्यावे. जवळून घेतल्यास नाक फुगते आणि शेपटी आखडते.

सांगाड्यासाठी पातळ प्लायवूडचे आडवे छेद कापून सपाट फळीवर ओळीने उभे करावेत आणि त्यांवर बांबूच्या कामट्या ताणाव्यात. वरच्या सालीसाठी परदेशात बाल्सा वापरतात. आपल्याकडे पांगारा आहे. सावंतवाडीच्या खेळण्यांना हलकेपणा त्यानेच दिला. सावरही चालते. लाकूड वखारीतून पुरते वाळलेले घ्यावे आणि साल चढविण्याचे काम पावसाळ्यात करू नये, कारण त्या मुलखात पाऊस दांडगा, फळी फुगते आणि महिन्याची मेहनत एका रात्रीत वाकडी होते. साल बसली की रंधा, काचकागद, लांबी, पुन्हा काचकागद. येथे घाई करणाऱ्याला रंग चढल्यावर प्रत्येक खळगा दिसतो. आणखी एक गोष्ट विसरली जाते. विमान तीन चाकांवर उभे राहते, पण लाकडी प्रतिकृतीचा भार शेपटीकडे झुकतो. तेव्हा नाक बंद करण्यापूर्वीच आत शिसे भरावे.

खरा प्रश्न शेपटीचा. मागे इंधन जाळणाऱ्या इंजिनाला रुंद आणि कमीजास्त होणारे तोंड लागते. ते कसे दिसले असते, याचा एक कटु दाखला आहे. ऑर्फियस 703 लाच अशी जोड देण्याचा प्रयोग पुढे झाला. विमानाचा मागील भाग फुगवावा लागला आणि मिळालेला रेटा हवेच्या वाढलेल्या विरोधात बराच खर्ची पडला. मरुताचे पहिले उड्डाण करणारे सुरंजन दास 10 जानेवारी 1970 रोजी अशाच विमानाच्या चाचणीत अपघात होऊन मृत्यू पावले. शेपटीचा गोल पट्टीने आखताना हे ठाऊक असलेला कारागीर ती केवळ डौलासाठी निमुळती करणार नाही.

तरीही तेथे अनुमान उरतेच. त्यावर उपाय एवढाच की इंजिनामागचा भाग वेगळा घडवून चार स्क्रूंनी बसवावा आणि घडलेल्या मरुताची दुसरी शेपटीही करून शेजारी ठेवावी. उद्या कोठल्या फडताळातून मूळ आराखडा निघालाच, तर चार स्क्रू सोडले की झाले.