ढेळज, माळवद आणि 1993

लोहा-कंधार भागातल्या जुन्या गावात परका माणूस आला की त्याची पहिली बसकण ढेळजेत. दोन्ही अंगांना दगडी कट्टे, मधून आत जायची वाट. घर एकाचं, पण तेवढी जागा गावाची. भावकीचे तंटे इथं मिटायचे आणि सोयरिकीही इथंच जुळायच्या. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेला जनावरं घेऊन निघालेला वाटसरू इथंच भाकरी सोडायचा. इंग्लंडच्या खेड्यात हे काम पबनं केलं. तोही बहुतेक ठिकाणी मुळात राहतं घरच, पुढची खोली लोकांसाठी उघडलेली. ओकच्या खांब-तुळयांचा सांगाडा आणि मधल्या जागेत लिंपलेला कूड. असे कितीतरी पब तिथं कायद्यानं संरक्षित आहेत. परवानगीशिवाय तुळई काढता येत नाही. आपल्या ढेळजा मात्र सागाच्या भावानं विकल्या जातात.

ढेळजेमागचं घर माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छपराचं. ते खणांवर मोजतात. दगडी तळखड्यावर सागाचा खांब, त्यावर तुळई, मग कड्या, त्यावर किलचन, पाला आणि सगळ्यात वर खारी माती. उजेडाला आणि धुराला वाट म्हणून साणं, पावसाच्या पाण्याला पन्हाळी. भिंती दोन फुटांपासून पाच फुटांपर्यंत जाड, काहींच्या पोटात धान्याचं बळद. मे महिन्यातल्या दुपारी पत्र्याखाली बसवत नाही आणि माळवदाखाली डोळा लागतो, हे इथल्या कुणालाही वेगळं सांगावं लागत नाही.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपानं जवळपास दहा हजार माणसं नेली. तेव्हापासून माळवद म्हणजे मरण, असं मराठवाड्याच्या मनानं घेतलं. ते दुःख खरं आहे. पण दोष नेमका कुठं होता, हे पाहायलाच हवं. गळती थांबावी म्हणून पावसाळ्याआधी मातीचा नवा थर पडायचा. जुना कुणी काढत नसे. काही छपरांवर माती दोन-अडीच फुटांवर गेली होती. भिंतींना दगडाचे दोन पदर, मध्ये नुसता भराव. दोन्ही पदर बांधणारा आरपार दगडच नाही. हादरा बसताच पदर सुटले आणि भिंती ढासळल्या. मात्र कित्येक घरांत भिंती पडूनही खांब-तुळयांचा सांगाडा छप्पर पेलून उभा राहिला. जुन्या सुतारांच्या कामाची याहून मोठी साक्ष कोणती?

पुनर्वसनात चौकोनी आखणीची, रुंद रस्त्यांची गावं आली, पक्की घरं आली. ढेळज आली नाही. उभ्या असलेल्या जुन्या घरांच्या दुरुस्तीचे उपायही तेव्हाच्या अभियंत्यांनी सांगितले होते: माती उतरवून छप्पर हलकं करा, भिंतीत ठरावीक अंतरावर काँक्रीटचे बंधदगड घाला, खांब-तुळईच्या सांध्याला तिरके आधार द्या. यातलं काहीच गावच्या गवंड्याच्या आणि सुताराच्या हाताबाहेरचं नाही. सुरुवात ढेळजेपासून करावी, असं मला वाटतं. तिथं कुणाचा संसार हलवावा लागत नाही, आणि काम चालू असताना गावाला ते जाता-येता पाहता येतं.