साल्हेरचे थर

सुरत तापीच्या गाळावर वसलेली. शहरातून डोंगर कुठे दिसत नाही. डांगचं जंगल ओलांडून बागलाणात शिरलं, की समोर साल्हेर उभा राहतो, १५६७ मीटर उंच. १६७२ साली मराठ्यांनी मोगलांना उघड्या मैदानात हरवलं ते याच्याच पायथ्याशी.

हा डोंगर लाव्हाचा. ज्वालामुखी म्हटलं की शंकूसारखा डोंगर डोळ्यांपुढे येतो. इथे तसं झालं नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहिला, थिजला, त्यावर पुन्हा वाहिला. टणक थर झिजले नाहीत, ते कडे झाले. ठिसूळ थरांचे गवताळ उतार झाले. म्हणून अख्खा डोंगर पायऱ्या-पायऱ्यांचा दिसतो. फोटोत यायला हव्यात त्या या पायऱ्याच, आणि त्या दिसतात सावलीमुळे. ऊन समोरून पडलं की थर एकमेकांत मिसळून जातात. बाजूने, तिरपं आलं की प्रत्येक कड्याखाली काळी रेघ उमटते.

मुल्हेर आणि मांगी-तुंगी हे डोंगर साल्हेरच्या माथ्यावरून ईशान्येला दिसतात. जूनमध्ये सूर्य जवळजवळ त्यांच्याच पाठीमागून उगवतो, त्यामुळे नुसत्या काळ्या आकृत्या मिळतात. डिसेंबरात तो बराच उजवीकडे, आग्नेयेला सरकतो, आणि त्याच डोंगरांवर थर न् थर उठून दिसतो. म्हणून मी हिवाळाच निवडीन. उजाडायच्या आत माथ्यावर हवं, तेव्हा आदल्या संध्याकाळीच चढून मुक्काम करावा. ७०-२०० ची लेन्स लावली की मागचे डोंगर जवळ ओढले जातात. माथ्यावर वारा फार. ट्रायपॉडला पाठीवरची सॅक अडकवावी.

काळा कातळ कॅमेऱ्याला फसवतो. समोर जे असेल ते मध्यम करडं मानून तो उजेड मोजतो. चौकट कातळाने भरलेली असली की काळा दगड राखेसारखा फिका येतो. अशा वेळी एक्स्पोजर पाऊण ते एक स्टॉप कमी करायचं. चौकटीत उजळ आभाळ आलं तर मात्र उलटं होतं, कातळ पार बुडतो. तिथे दोन-तीन वेगवेगळ्या एक्स्पोजरचे फोटो घेऊन ठेवावेत.

ऊन चढलं की लांबचं दृश्य धुरकट होतं. तेव्हा पायाखाली बघा. लाव्हातला वायू निसटला तिथे दगडाला बारीक भोकं राहिली, आणि काहींत पुढे पांढरे स्फटिक वाढले, झिओलाइटचे. त्यांच्यावर आपल्या टोपीची सावली धरा. चकाकी जाते आणि सुईसारखी एकेक कड फोटोत येते.