दिवा, झाडू आणि ओवी

आम्ही फुलसावंगीच्या बाया, महागाव तालुक्यातल्या. मागच्या खेपेला आम्ही सोयाबीनच्या बियाण्याची उगवण घरच्या घरी कशी तपासायची ते सांगितलं होतं. आजचा विषय वेगळा आहे. मन खचलेल्या बाईला धीर कशानं येतो, आणि ख्रिस्ती घरांत तो गाण्यातून, गोष्टीतून कसा येतो, याबद्दल बोलणार आहोत. आमच्यात दोघी-तिघी ख्रिस्ती आहेत, बाकीच्या नाहीत. पण गेलं वर्षभर हे आम्ही सगळ्यांनी मिळून पाहिलं.

आमच्यातल्या एका ख्रिस्ती मैत्रिणीचा नवरा गेल्या वर्षी गेला. कसा गेला, ते यवतमाळ जिल्ह्यात वेगळं सांगावं लागत नाही. दोन लेकरं, तीन एकर कोरडवाहू, वर कर्ज. आम्ही भेटायला जायचो आणि तोंडाला येईल ते बोलायचो. देवाची मर्जी, धीर धर, लेकरांकडे बघ. ती भिंतीकडे तोंड करून बसायची. उपासनेला जाणं तिनं सोडलं. तिचा आवाज गोड. पण गाणं बंद म्हणजे बंदच. आज आठवलं की आम्हालाच आमची लाज वाटते. जिच्या घरी चूल पेटत नाही तिला उपदेश काय करायचा?

तिचं मन पहिल्यांदा हललं ते एका गोष्टीनं, आणि ती गोष्ट सांगत होता तिचा नऊ वर्षांचा मुलगा. रविवारच्या शाळेत ऐकून आलेला, निम्मी विसरलेला. लूकच्या शुभवर्तमानातल्या पंधराव्या अध्यायातली ही गोष्ट. एका बाईजवळ दहा नाणी असतात, त्यातलं एक हरवतं. ती दिवा लावते, घर झाडून काढते, सापडेपर्यंत शोधते, आणि सापडल्यावर शेजारणींना हाका मारून बोलावते. पोराला प्रश्न पडला, दिवसा दिवा कशाला? त्याचं उत्तर असं, की त्या काळी तिकडची गरिबांची घरं लहान असत, खिडक्या नावापुरत्या, आत दिवसाही अंधार. आणि ते नाणं म्हणजे साधारण एका दिवसाची मजुरी. मजुरी हरवली तर बाई घर उलथंपालथं करणारच की!

या अध्यायात येशू ओळीनं तीन गोष्टी सांगतो: मेंढपाळाची, या बाईची आणि दोन मुलांच्या बापाची. हरवलेलं शोधणारा मेंढपाळ देवाच्या जागी आहे, वाट पाहणारा बापही देवाच्या जागी आहे. मग मधली बाई कोणाच्या जागी? तीही देवाच्याच. मेंढपाळाचं आणि बापाचं चित्र सगळीकडे दिसतं, पण झाडू घेतलेल्या बाईचं चित्र काही आमच्या पाहण्यात आलेलं नाही. मैत्रीण म्हणाली, "म्हणजे देव पण वाकून केर काढते म्हणा की!" कित्येक महिन्यांनी तिच्या तोंडून पुरतं वाक्य निघालं होतं.

मग तिला लूकच्याच अठराव्या अध्यायातली विधवा आठवली. एक न्यायाधीश असतो. त्याला देवाची भीती नाही, माणसाची पर्वा नाही. ती विधवा त्याच्याकडे जाते, पुन्हा जाते, परत जाते. शेवटी तो वैतागतो आणि हिचा त्रास तरी चुकेल म्हणून तिला न्याय देऊन टाकतो. चिकाटीनं प्रार्थना करा, असा तिचा अर्थ सांगतात, आणि तो बरोबरच आहे. पण आमच्या मैत्रिणीचे निराधार पगाराचे कागद एका कार्यालयात चार महिने पडून होते. ती म्हणाली, "ही बाई कोणी दुसरी नाही, मीच आहे." दुसऱ्या सोमवारी आम्ही दोघी तिच्याबरोबर गेलो. तिची ती सहावी खेप होती.

आता गाण्याचं सांगतो, कारण तिचं गाणं परत यायला गोष्टीपेक्षा जास्त वेळ लागला.

ख्रिस्ती गाणं म्हटलं की पुष्कळांना वाटतं, पेटी किंवा गिटार आणि इंग्रजी चाल. एकोणिसाव्या शतकात मिशनच्या उपासनेत तसंच बरंच चालायचं. इंग्रजी गीतांची भाषांतरं करून ती इंग्रजी चालींवर बसवायची. मराठी शब्द त्या चालीत ओढाताण होऊन बसतात. जिथं ऱ्हस्व आहे तिथं ताणावं लागतं, जिथं दीर्घ आहे तिथं आखडावं लागतं. अर्थ कळतो, पण जीव लागत नाही. खरं तर त्याच्या कितीतरी आधी, 1616 साली, गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज पाद्र्यानं 'ख्रिस्तपुराण' मराठी ओव्यांत रचून छापलं होतं. सुमारे अकरा हजार ओव्या! ओवीचं मर्म त्यांना कळलं होतं. तीन चरण यमकानं जुळलेले आणि चौथा आखूड. जात्यावर दळणारीला त्या आखूड चरणावर दम घेता येतो, असं आमच्यातल्या म्हाताऱ्या सांगतात.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी हेच अभंगात केलं. टिळक 1861 साली कोकणात जन्मले, पण त्यांच्या आयुष्याचं वळण आपल्या विदर्भातलं. 1893 साली नागपूरकडून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशाशी त्यांचं बोलणं झालं, त्यानं त्यांना नवा करार दिला. 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. संतांचे अभंग त्यांच्या रक्तात होते. आपण तुकारामांच्या वाटेनंच ख्रिस्ताकडे आलो, असं ते मानत. म्हणून त्यांनी ख्रिस्ताची गाणी अभंग, पदं आणि भजनांत रचली. अभंगाची सोय अशी, की एकीनं ओळ म्हणायची आणि बाकीच्यांनी ती उचलायची. वाचता येत नाही, पुस्तक नाही, तरी कोणी बाहेर राहत नाही. ज्या बाईचा गळा दाटून आला आहे तिनं नुसती टाळी धरली तरी ती गाण्यात आहे. टिळकांची पुष्कळ गाणी 'उपासना संगीत' या गीतपुस्तकात आहेत आणि आजही मराठी मंडळ्यांत म्हटली जातात.

पण आम्हाला टिळकांपेक्षा जवळची वाटते ती लक्ष्मीबाई. पुस्तकातल्या माणसाला अहो-जाहो करावं हे खरं, पण 'स्मृतिचित्रे' वाचलं की ती शेजारच्या घरातली होऊन जाते, म्हणून एकेरीच बोलतो.

नवरा ख्रिस्ती झाला तेव्हा लक्ष्मीबाईच्या पदरात लहान मुलगा होता. तिला कोणी विचारलं नव्हतं. सोवळ्यात वाढलेली बाई, तिच्यावर आभाळच कोसळलं. काही वर्षं ती नवऱ्यापासून वेगळी, नातलगांच्या आधारानं राहिली. रडली, चिडली, आजारी पडली, आणि मनातलं दुःख तिनं पद्यात मांडलं. पुढे एकत्र आली तरी स्वयंपाक-पाणी वेगळं ठेवूनच. जात माणसानं केली की देवानं, याचा तिनं स्वतःच्या डोक्यानं विचार केला; मग कोणाच्याही हातचं पाणी प्यायली आणि 1900 साली तिनं बाप्तिस्मा घेतला. धीर तिला कोणी बाहेरून आणून दिला नाही. रागावण्याला, अडून बसण्याला तिला वेळ मिळाला. आमच्या मैत्रिणीला आम्ही तोच देत नव्हतो.

लक्ष्मीबाईचं घरही पाहण्यासारखं. नवरा विसरभोळा, हातात आलेला पैसा दुसऱ्याला देऊन टाकणारा, तापट पण मायाळू. भांडणं भरपूर. दुष्काळात अनाथ झालेली मुलं त्यांच्या घरात वाढली. बालकवी ठोंबरे त्यांच्याकडे राहिले, ते काही ख्रिस्ती झाले नव्हते. तरी लक्ष्मीबाईनं त्यांना पोटच्या पोरासारखं वागवलं. शाळेचं तोंड न पाहिलेल्या या बाईनं नवऱ्याचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य पुढे नेलं. टिळक 1919 साली गेले तेव्हा त्याचे दहा-अकरा अध्याय झाले होते. तिनं साठाहून जास्त लिहिले. 1933 साली नागपूरच्या ख्रिस्ती साहित्य संमेलनाची ती अध्यक्ष होती. आणि 'स्मृतिचित्रे' कसं लिहिलं गेलं? मुलाला वडिलांचं चरित्र लिहायचं होतं, त्यानं आईला आठवणी विचारल्या. आई सांगत गेली, आणि तिचंच पुस्तक झालं.

हे पुस्तक आम्ही पावसाळ्यात मैत्रिणीच्या ओसरीवर वाचलं. एक वाचणार, बाकीच्या शेंगा फोडणार. मध्येच लाईट गेली की वाचणं बंद आणि बोलणं सुरू. टिळकांच्या विसरभोळेपणावर आम्ही पोट धरून हसायचो. एकदा हसता हसता ती एकदम रडायला लागली. तिचा नवराही तसाच होता, बाजारात भाजी आणायला जाऊन भलतंच घेऊन यायचा. त्या दिवशी कोणी काही समजावलं नाही. शेंगा फोडत बसलो.

एक गोष्ट आमच्या ख्रिस्ती मैत्रिणींकडून कळली, ती सांगण्यासारखी आहे. बायबलात दीडशे स्तोत्रं आहेत. ती सगळी स्तुतीची असतील असं आम्हाला वाटायचं. त्यातली पुष्कळशी तर तक्रारीची आहेत: तू कुठं आहेस, का ऐकत नाहीस, असा देवाला सरळ जाब. ती देवळात गायची गाणी होती, म्हणजे तक्रारसुद्धा चालीवर आणि चारचौघांत म्हणायची. मैत्रिणीच्या सासूला हे माहीत होतं. संध्याकाळच्या घरगुती प्रार्थनेत त्या स्तुतीची स्तोत्रं सोडून मुद्दाम तीच काढायच्या आणि नातवाला वाचायला लावायच्या. सून दाराआड बसून ऐकायची. एका संध्याकाळी पोरगा एका अवघड शब्दाला अडला, तर आतूनच तिनं तो शब्द सांगितला. सासूनं मागं वळूनही पाहिलं नाही.

सहाव्या खेपेला कागद पुढे सरकले. पैसे अजून हातात आलेले नाहीत, पुढच्या आठवड्यात सातवी खेप आहे. वेचणी सुरू झाली आहे, आम्ही सगळ्या एकाच शेतावर जातो. परवा उन्हं चढायच्या आत तिनं टिळकांचं एक भजन धरलं. अर्ध्यात आवाज फाटला. पलीकडच्या ओळीतून एकीनं ती ओळ उचलली. तिला ख्रिस्ती गाणी येत नाहीत, शब्द चुकले, पण चाल बरोबर होती.