थर सुटू नयेत म्हणून

1960च्या दशकात इंग्लंडमध्ये फार्नबरोच्या सरकारी विमान संशोधन संस्थेत विल्यम वॅट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अ‍ॅक्रिलिकचे तंतू ताणून धरत भाजले आणि भक्कम कार्बन फायबर हाती आलं. त्याच्या भरवशावर रोल्स-रॉइसने आरबी211 इंजिनाच्या पंख्याची पाती घडवली. वजन घटलं; पण 1970 साली पक्षी आदळण्याच्या चाचणीत ती पाती टिकली नाहीत आणि कंपनीला टायटॅनियमकडे वळावं लागलं. फेब्रुवारी 1971मध्ये रोल्स-रॉइसचं दिवाळं निघालं. इंजिनाचा हाताबाहेर गेलेला खर्च हे त्यामागचं मोठं कारण. पात्यांच्या अपयशाने त्यात भर घातली.

तंतू आणि राळ यांच्या या मिश्र साहित्याचा, म्हणजे कंपोझिटचा, कच्चा दुवा तेव्हापासून उघडच होता. तंतू आपल्या दिशेने अफाट ताण सोसतात, पण एकावर एक रचलेल्या थरांना धरून ठेवते ती फक्त इपॉक्सी ही राळ, आणि ती ठिसूळ. निसटलेलं हत्यार विमानाच्या पंखावर पडलं, तर वरून ओरखडाही दिसत नाही. आत मात्र थर सुटलेले असतात. मग दाब आला की तो भाग वाकून निकामी होतो.

1980च्या दशकात यावर थरांच्या मध्ये चिवट प्लास्टिकचा पापुद्रा घालून पाहिला गेला. चीर अडली, पण जाडी आणि वजन वाढलं. पुढे जपानच्या तोरे कंपनीने पापुद्र्याऐवजी थर्मोप्लास्टिकचे सूक्ष्म कण थरांच्या सीमेवर पेरले. हेच साहित्य बोइंग 777च्या शेपटीत आणि नंतर 787मध्ये वापरलं गेलं. 787च्या रचनेत वजनाने निम्मा वाटा कंपोझिटचा आहे. 1995मध्ये जीई90 इंजिन चिवट इपॉक्सीची कंपोझिट पाती घेऊन प्रवासी सेवेत उतरलं. त्यांच्या पुढच्या कडेला टायटॅनियमचं कवच होतं.

कणांनाही मर्यादा होत्या. कोरडं कापड साच्यात मांडून त्यात राळ ओढायची म्हटली, तर कापडच चाळणी होऊन कण अडवतं. पॉलिमर तंतूंच्या जाळ्याचं महत्त्व इथे कळतं: जाळं आधीच थरांमध्ये अंथरता येतं आणि राळ त्यातून आरपार जाते. युरिस झेनिस आणि डॅरेल रेनेकर यांनी विजेच्या दाबाने कातलेले अतिसूक्ष्म तंतू थरांच्या सीमेवर घालण्याची कल्पना मांडली; 2001 साली त्यांना अमेरिकन पेटंट मिळालं. चीर पुढे सरकू लागली की हे तंतू तिच्या दोन्ही काठांना धरून ठेवतात. ते ताणले जातात, उपटले जातात, आणि त्यात चिरेची ऊर्जा खर्ची पडते. दर चौरस मीटरला काही ग्रॅम जाळं त्याला पुरतं.

या जाळ्यासाठी वाटेल ते प्लास्टिक मात्र चालत नाही. नायलॉन 6,6 सुमारे 260 अंशांना वितळतं, त्यामुळे इपॉक्सी पक्की करणाऱ्या 180 अंशांच्या भट्टीत त्याचे तंतू शाबूत राहतात; पण ते ओलावा शोषतं. पॉलिकॅप्रोलॅक्टोन 60 अंशांनाच वितळून इपॉक्सीत मिसळतं. मग जाळं उरत नाही, उरते ती थोडी चिवट झालेली राळ.

न्यूझीलंडच्या रिव्होल्यूशन फायबर्सचं नायलॉनचं नॅनोजाळं आधी मासेमारीच्या काठ्यांमध्ये पोहोचलं. काठी मोडली तर फक्त मासा जातो. विमानाच्या पंखासाठी मात्र उष्णता, ओलावा आणि वर्षानुवर्षांच्या थकव्याचे पुरावे द्यावे लागतात. साठ वर्षांत तंतूंची ताकद कित्येक पटींनी वाढली, तरी विमानात कंपोझिटला किती जागा मिळणार हे थरांमधल्या त्या पातळ पट्टीनेच ठरवलं. पुढेही तीच ठरवेल.